ट्रॅश रिकामा होत नाही? आधी या चुका थांबवा

"ट्रॅश रिकामा होत नाहीये, जरा बघ ना" असा फोन येतो तोवर समोरच्याने निम्मे उद्योग उरकलेले असतात. कुठलातरी फुकटचा क्लीनर डाउनलोड केलेला, यूट्यूबवरची कमांड चिकटवून झालेली. मूळ मेसेज काय होता विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंग्रजीत काहीतरी आलं होतं, मी ओके केलं."

तो मेसेज वाचा हो. बहुतेक वेळा त्यात एवढंच असतं, की फाइल दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. विंडोज अशी फाइल बऱ्याचदा डिलीटच करू देत नाही. मॅक मात्र तिला ट्रॅशमध्ये खुशाल जाऊ देतो आणि रिकामा करायच्या वेळी अडून बसतो. शिवाय मॅकवर लाल बटण दाबून विंडो बंद केली म्हणजे ॲप बंद झालंच असं नाही. डॉकमध्ये, म्हणजे ॲप्सच्या पट्टीत, आयकॉनखाली ठिपका दिसतोय ना, मग ते अजून चालू आहे. कमांड-क्यू दाबा. विंडोजवर मी आधी एक्सप्लोररचा प्रीव्ह्यू पेन (फाइलची झलक दाखवणारा बाजूचा भाग) बंद करतो, तरी नाही झालं तर रिसोर्स मॉनिटर हे विंडोजमधलंच टूल उघडतो. त्यात सीपीयू टॅबखाली 'असोसिएटेड हँडल्स'मध्ये फाइलचं नाव टाकलं की कोणी धरून ठेवली आहे ते कळतं.

"बंद करून चालू केला, तरी तेच," म्हणणाऱ्यांनी शटडाउन केलेलं असतं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे; तो चालू असला तर शटडाउन पुरतं होत नाही. रीस्टार्ट करा.

आता कमांडबद्दल. ओळखीच्या एका फोटोग्राफरच्या स्टुडिओतली गोष्ट. मॅकला दोन एक्स्टर्नल डिस्क लावलेल्या, एकीचं नाव 'लग्न' आणि दुसरीचं 'लग्न २'. दुसरीच्या ट्रॅशमधले काही व्हिडिओ जाईनात. कामावरच्या पोराने टर्मिनल (कमांड लिहायची विंडो) उघडून, सुडो म्हणजे ॲडमिनचे अधिकार लावून, काही न विचारता सगळं उडवणारी आरएम-आरएफ कमांड हाताने टाइप केली आणि पुढे डिस्कचं नाव लिहिलं, मधल्या मोकळ्या जागेसकट. टर्मिनलला मोकळी जागा म्हणजे पहिलं नाव संपलं, दुसरं सुरू झालं. म्हणजे त्याने 'लग्न' ही अख्खी डिस्क उडवायला सांगितली, आणि वर '२' नावाचं, जे नव्हतंच, असं काहीतरी. त्या कमांडमधला एफ असा, की नसलेल्या फाइलबद्दल ती तक्रारही करत नाही. टर्मिनलने मध्ये डिस्कची परवानगी विचारली होती, याने ओके दाबलं. त्या वाटेने गेलेलं काही ट्रॅशमध्ये सापडत नाही. रिकव्हरीतून बरेच फोटो निघाले, पण फाइलची नावं गेलेली. नवरा-नवरीचे चेहरे बघून अल्बम जुळवत बसले सगळे. ट्रॅशमधले ते व्हिडिओ शेवटपर्यंत जागचे हलले नव्हते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडा होता, एवढंच.

माझं विचाराल तर नवख्याने ही कमांड वापरूच नये. वापरायचीच तर बाकीच्या डिस्क आधी काढून ठेवा, कमांड लिहून झाल्यावर एक मोकळी जागा सोडा आणि ट्रॅशमधली फाइल माउसने टर्मिनलवर ओढा. पत्ता तो स्वतः बरोबर लिहितो. एंटर दाबण्याआधी ती ओळ एकदा मोठ्याने वाचा. मी अजूनही वाचतो.

दुसरा नेहमीचा घोळ पेन ड्राइव्हचा. मॅकवर सगळं डिलीट केलं, ड्राइव्ह काढला, झेरॉक्सवाल्याकडे लावला तर 'जागा नाही'. मग पेन ड्राइव्ह खराब निघाला म्हणून बोंब, नाहीतर थेट फॉरमॅट. अहो, मॅक डिलीट केलेल्या फाइली त्याच ड्राइव्हवर 'ट्रॅशेस' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. लिनक्सचंही तसंच. ड्राइव्ह लावलेला असतानाच ट्रॅश रिकामा करायचा, मग इजेक्ट. विंडोजवर नेमकं उलटं: पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं सहसा रिसायकल बिनमध्ये जातच नाही, सरळ उडतं. तिथे "बिनमधून परत काढू" या भरवशावर राहू नका.

मॅकवर फाइल लॉक असेल तर 'गेट इन्फो'मध्ये जाऊन टिक काढा, विषय संपला. विंडोजने रिसायकल बिन करप्ट झाल्याचं सांगून रिकामा करू का विचारलं, तर 'येस'ने त्या ड्राइव्हचा सगळा बिन जातो. हवं ते आधी बाहेर काढता येतंय का बघा. मॅकवर ट्रॅश रिकामा झाला तरी जागा वाढली नाही तर घाबरू नका. टाइम मशीनचे, म्हणजे मॅकच्या बॅकअपचे, स्थानिक स्नॅपशॉट (डिस्कवरच ठेवलेल्या जुन्या प्रती) साधारण २४ तास ती धरून ठेवतात. आणि क्लीनर ॲपबद्दल मला विचारूच नका.

एक मात्र सांगतो. टाइम मशीनचा जुना बॅकअप फाइंडरमधून (मॅकच्या फाइल विंडोतून) ट्रॅशमध्ये टाकू नका. त्यात लाखांनी फाइली असू शकतात आणि 'प्रिपेअरिंग टू एम्प्टी'चा आकडा वाढतच राहतो. टाकलाच असेल तर चार्जर लावा, स्लीप बंद करा आणि रात्रभर मशीनला हात लावू नका. आकडा हलतोय तोवर काही अडकलेलं नाही. दर पाच मिनिटांनी रद्द करून पुन्हा सुरू केलं, तर मोजणी दरवेळी शून्यापासून होते.