कमी खर्चात घरचा कॉम्प्युटर कसा निवडावा

कॉम्प्युटरच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते प्रोसेसरचं नाव. रॅम किती, स्टोरेज कोणत्या प्रकारचं, स्क्रीन कशी, हे सगळं खाली बारीक टाइपात. रोजच्या वापरात मात्र उलटं घडतं. प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो आणि त्रास होतो तो बारीक टाइपातल्या गोष्टींचा. म्हणून कमी पैशांत नीट चालणारा कॉम्प्युटर हवा असेल तर वाचायला सुरुवात त्या बारीक टाइपापासून करा. इथे रोजचा वापर म्हणजे ब्राउझर, व्हिडिओ, ऑनलाइन मीटिंग, कागदपत्रं, मुलांचा अभ्यास, फोटो आणि घरचा हिशेब. मोठे गेम आणि व्हिडिओ एडिटिंग यांचं गणित वेगळं असतं, ते इथे धरलेलं नाही.

१. कामं लिहून काढा

कोण वापरणार, कशासाठी, आणि एका वेळी काय काय उघडं असणार, एवढं कागदावर लिहा. या यादीत एक गोष्ट आवर्जून शोधायची : ठरावीक सिस्टिमवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर. हिशेबाचा प्रोग्रॅम, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, शाळेच्या परीक्षेचं ॲप, ऑफिसने सक्तीने दिलेलं काहीतरी. असं एक जरी नाव निघालं, तरी विंडोज घ्यायचं की आणखी काही, हा प्रश्न तिथेच मिटतो. असं काही नसेल आणि सगळी कामं ब्राउझरमध्येच होत असतील, तर बरेच स्वस्त पर्याय खुले होतात.

२. घरातला जुना कॉम्प्युटर आधी तपासा

सगळ्यात स्वस्त कॉम्प्युटर बऱ्याचदा घरातच असतो. तो संथ झालाय, एवढ्यावर त्याला निकालात काढू नका. आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर संथपणाचं मूळ बहुतेक तिथेच आहे. कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. हार्ड डिस्कचं हेड दर वेळी त्या जागेपर्यंत सरकतं आणि त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारं स्टोरेज, त्यात हलणारा भागच नाही, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होतं. जुन्या मशीनमध्ये साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) बसवली आणि रॅम ८ जीबीपर्यंत नेली, की कित्येकदा नव्या खरेदीचा विषयच मागे पडतो.

अडचण आहे ती सुरक्षा अपडेटची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका यांच्यापासून पुढचाच प्रोसेसर चालतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप तुमचं मशीन यात बसतं का ते लगेच सांगतं. बसत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टिम टाकता येते. ती आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आवडली तरच आत बसवा.

३. तो ठेवणार कुठे?

लॅपटॉप घ्यायचा, असं बहुतेकांचं न विचारताच ठरलेलं असतं. पण तो घरातल्या एकाच टेबलावरून कधी हलणार नसेल, तर बॅटरी, बिजागऱ्या आणि लहान स्क्रीन यांचे पैसे वाया जातात. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉपवर मोठी स्क्रीन आणि चांगला की-बोर्ड मिळतो, शिवाय एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

डेस्कटॉप म्हटलं की डोळ्यांसमोर मोठा टॉवर येतो, पण घरासाठी मला मिनी पीसी जास्त पसंत आहे. तळहातापेक्षा थोडा मोठा डबा असतो, मॉनिटरच्या मागे स्क्रूने अडकवता येतो आणि वीज फार कमी खातो. घरात मॉनिटर किंवा एचडीएमआय असलेला टीव्ही असेल, तर त्यालाच जोडा. डेस्कटॉप प्रकारात दोन गोष्टी मात्र विचारून घ्या : वाय-फाय आत आहे का (जुन्या टॉवरमध्ये बऱ्याचदा नसतं), आणि वेबकॅम-माइक वेगळे घ्यावे लागतील का. वीज वारंवार जात असेल तर यूपीएसचाही खर्च धरा.

ऑल-इन-वनपासून, म्हणजे स्क्रीनच्या आतच कॉम्प्युटर असलेल्या मशीनपासून, मी लांब राहीन. स्क्रीन बिघडली की आतला धडधाकट कॉम्प्युटरही तिच्याबरोबर अडकतो.

४. प्रोसेसरच्या नावातला आकडा वाचा

जास्तीत जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

'आय७ आहे' एवढ्याने काहीच कळत नाही. आय३, आय५, आय७ या पायऱ्या एकाच पिढीत एकमेकींशी ताडायच्या असतात. २०१६ च्या कोअर आय७-७५०० यू मध्ये दोन कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) होते. २०२२ च्या कोअर आय३-१२१५ यू मध्ये सहा आहेत, आणि रोजच्या कामात हा 'छोटा' आय३ त्या आय७ ला सहज मागे टाकतो. वर त्या आय७ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतही नाही. इंटेलच्या अशा नावांत आय३ किंवा आय७च्या पुढचे पहिले एक किंवा दोन आकडे पिढी सांगतात : ७५०० म्हणजे सातवी, १२१५ म्हणजे बारावी. २०२३ च्या अखेरीपासून आलेल्या बहुतेक नव्या चिपांच्या नावातून इंटेलने 'आय' काढून टाकला, त्यामुळे आता 'कोअर ५' किंवा 'कोअर अल्ट्रा ५' अशीही नावं दिसतील.

एएमडीची गंमत आणखी वेगळी. लॅपटॉपच्या रायझन ७००० मालिकेत पहिला आकडा वर्षाचा, पण आतली रचना कोणती हे सांगतो तो तिसरा आकडा. रायझन ५ ७५२० यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ रचना. ७५३० यू मध्ये झेन ३, आणि ७५४० यू मध्ये झेन ४. तिन्हींवर स्टिकर 'रायझन ५'चंच, किंमतीत फरक कधीकधी किरकोळ, आणि आत काही वर्षांचं अंतर. झेन २ वाईट आहे असं नाही, घरच्या कामाला ती पुरते. फक्त तिला नव्या रचनेची किंमत मोजू नका.

अगदी कमी बजेटमध्ये इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर दिसेल. चार कोअर, ६ वॉटची चिप. ब्राउझर, व्हिडिओ आणि कागदपत्रं एवढंच काम असेल तर खुशाल घ्या. इंटेलचेच दोन कोअरचे जुने सेलेरॉन प्रोसेसर मात्र, उदाहरणार्थ एन४०२०, कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. व्हिडिओ मीटिंग चालू असताना दुसरा टॅब उघडला की ते धापा टाकू लागतात.

एवढं झाल्यावर प्रोसेसरचा विचार थांबवा. 'अमुक गिगाहर्ट्झपर्यंत' हा आकडा तर वाचूच नका, कारण तो वेग थोडाच वेळ टिकतो आणि दोन वेगळ्या रचनांची तुलना त्यावरून होत नाही. शंका उरली तर दोन्ही प्रोसेसरचे पासमार्क या वेगाच्या चाचणीतले गुण शेजारी ठेवून बघा. वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक घरच्या वापरात जाणवत नाही, दुप्पट-तिप्पट असेल तर जाणवतो. प्रोसेसरची एक पायरी खाली उतरून वाचलेले पैसे पुढच्या दोन मुद्द्यांवर घाला.

५. रॅम आणि स्टोरेज

८ जीबी रॅम ही आजची किमान गरज, १६ जीबी असेल तर पुढची काही वर्षं चिंता नाही. ४ जीबीवर विंडोज ११ सुरू होतं खरं, पण ब्राउझरसाठी फारसं काही उरत नाही. 'नंतर वाढवून घेऊ' म्हणण्याआधी ती वाढते का ते बघा, कारण बऱ्याच बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. माहितीपत्रकात एलपीडीडीआर असं लिहिलेलं असेल तर बहुतेक ती डकवलेलीच. मशीन समोर असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी' उघडा. किती स्लॉट भरलेले आहेत ते तिथे दिसतं. फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती काढता येत नाही. दोन स्लॉट आणि रॅमची एकच काडी अशी स्थिती मिळाली तर उत्तमच. पुढे तशीच दुसरी काडी घातली की दोन वाटांनी माहिती ये-जा करू लागते आणि आतल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो.

स्टोरेज एसएसडीच हवं, याला अपवाद नाही. २५६ जीबी पुरतं, घरभराचे फोटो त्यावर ठेवायचे असतील तर ५१२ घ्या. (२५६ च्या जागी विंडोज २३८ दाखवतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, चोरी कुणीच केलेली नसते.) एनव्हीएमई या नव्या जोडणीची एसएसडी साटापेक्षा कागदावर कितीतरी पट वेगवान असते, पण घरच्या कामात फरक क्वचितच कळतो. त्यासाठी अडून बसू नका. ईएमएमसी हा शब्द दिसला की मात्र सावध व्हा. हे मोबाइलच्या पठडीतलं, बोर्डावर डकवलेलं, संथ स्टोरेज. ६४ जीबीच्या ईएमएमसीवर विंडोजचे मोठे अपडेट बसायलाही जागा अपुरी पडते.

६. ज्याच्याकडे रोज बघायचं ते

१३६६ × ७६८ ची स्क्रीन आता नको. १९२० × १०८० मध्ये जवळजवळ दुप्पट पिक्सेल असतात, अक्षरं ठसठशीत दिसतात आणि एका पानावर जास्त मजकूर मावतो. पॅनेल आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न उडणारं) आहे का विचारा. उत्तर मिळालं नाही तर स्क्रीन पुढेमागे कलवून बघा. रंग उडाले किंवा काळं-पांढरं उलटं दिसू लागलं, तर ते स्वस्तातलं टीएन पॅनेल. स्क्रीनचा उजेड घरात २५० निट्स (उजेडाचं माप) चालतो, खिडकीजवळ बसणार असाल तर ३०० हवा.

लॅपटॉप असेल तर दुकानात उभ्या उभ्या चार ओळी टाइप करा. की-बोर्डचा मधला भाग दबत असेल तर तो वर्षानुवर्षं दबतच राहणार. आणि टाइप-सी पोर्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नका : त्यातून चार्जिंग होतं का, स्क्रीन जोडता येते का, की फक्त फाइली जातात, हे मॉडेलप्रमाणे बदलतं.

७. सिस्टिम कोणती

विंडोजबद्दल वर बोलून झालं. नवीन मशीनवर ते 'एस मोड'मध्ये (त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप चालतात) आलं तर बिचकू नका, त्यातून मोफत बाहेर पडता येतं, फक्त परत आत जाता येत नाही. ब्राउझरपलीकडे काही काम नसेल तर क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप, कमी ताकदीच्या हार्डवेअरवरही छान चालतं. २०२१ पासून आलेल्या क्रोमबुकांना गूगल दहा वर्षं अपडेट देतं, पण ही दहा वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजत नाहीत, तर ते हार्डवेअर पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हापासून. सवलतीत विकायला काढलेल्या जुन्या मॉडेलमध्ये त्यातली किती उरली आहेत, ते घेण्याआधी बघा.

८. वापरलेला घ्यायचा तर

माझा कल इकडेच आहे. कंपन्या ठरावीक वर्षांनी आपली मशीनं बदलतात आणि ती नीट केलेल्या अवस्थेत बाजारात येतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर, लॅपटॉपमध्ये लॅटिट्यूड आणि थिंकपॅड. ही मशीनं उघडून दुरुस्त करता यावीत अशीच बनवलेली असतात. त्याच किंमतीच्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा त्यांचे की-बोर्ड, बिजागऱ्या आणि स्लॉट सरस निघतात. इंटेलची आठवी पिढी ही खालची मर्यादा धरा.

पैसे देण्याआधी मशीन पूर्ण रिसेट करून पहिल्यापासून सुरू करायला सांगा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव किंवा त्या कंपनीचा ईमेल मागितला गेला, तर ते मशीन अजून तिच्या ताब्यात आहे. असं मशीन घेऊ नका. बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड नाही ना, हेही बघा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत ॲप एसएसडीचं किती आयुष्य उरलंय ते टक्क्यांत दाखवतं. लॅपटॉपची बॅटरी थकलेली असणारच असं समजून चला आणि नव्या बॅटरीची किंमत भाव करतानाच धरा.

९. उरलेला खर्च आणि पहिला आठवडा

बजेटमधून थोडी रक्कम बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी राखून ठेवा, बॅकअपसाठी. फिरती डिस्क या कामाला अजूनही चांगली आणि स्वस्त. ऑफिस सॉफ्टवेअरवर लगेच पैसे घालू नका, लिबरऑफिस मोफत आहे आणि गूगल डॉक्स ब्राउझरमध्ये चालतं. मशीनबरोबर चाचणीपुरता आलेला अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजमधला डिफेंडर घरी पुरतो.

परतीची मुदत दुकानदाराकडून लिहून घ्या आणि तेवढ्या दिवसांत मशीन भरपूर वापरा. सगळे पोर्ट एकेकदा जोडून बघा, तासभर व्हिडिओ कॉल करा, पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी चित्रं लावून मेलेले पिक्सेल शोधा, लॅपटॉप मिटून पुन्हा उघडल्यावर तो नीट जागा होतो का ते पाहा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आणि रॅम बिलावर लिहिल्याप्रमाणेच आहेत ना, हेही ताडा. मुदत संपेपर्यंत खोका आणि आतलं थर्माकोल टाकू नका.