मायक्रोकंट्रोलरची आयडीई अडते तेव्हा

नागपुरातील पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर (यंत्रात बसवला जाणारा एका चिपचा छोटा संगणक) शिकलेला विद्यार्थी हिंगणा वा बुटीबोरीच्या एमआयडीसीतील एखाद्या लहान कारखान्यात फर्मवेअरच्या, म्हणजे चिपमध्ये उतरवायच्या प्रोग्रामच्या, कामाला लागतो, तेव्हा त्याची पहिली झटापट सी भाषेशी होत नाही, ती आयडीईशी, म्हणजे प्रोग्राम लिहिण्यापासून चिपमध्ये उतरवण्यापर्यंतची साधने एकत्र देणाऱ्या सॉफ्टवेअरशी, होते. प्रोटियस या सर्किटची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निमूटपणे लुकलुकणारा एलईडी खऱ्या बोर्डावर लागत नाही, पडद्यावर लाल अक्षरांची रांग उमटते आणि संध्याकाळपर्यंत 'आपल्याला हे जमणार नाही' असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. कामावर नव्याने आलेल्या अनेकांना शिकवताना माझे मत असे बनले आहे की, यांतील बरेचसे अपयश त्यांच्या प्रोग्रामचे नसतेच. नेमके कोण अडले आहे हे ओळखायला त्यांना कोणी शिकवलेले नसते.

आयडीईच्या एका खिडकीमागे कंपायलर (सी कोडचे चिपच्या भाषेत रूपांतर करणारा), लिंकर (रूपांतरित तुकडे जोडून स्मृतीत जागा देणारा), चिपमध्ये प्रोग्राम उतरवणारे साधन आणि डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून तपासणारा) असे चार स्वतंत्र कारभारी असतात. एक बटण दाबले की ते एकापाठोपाठ कामाला लागतात. म्हणून चिडण्याआधी आउटपुटची खिडकी वर सरकवून पहिली चूक वाचावी, कारण शेवटच्या ओळी बहुधा पहिल्या चुकीचेच पडसाद असतात. सेमीकोलन राहिल्याची तक्रार कंपायलरची असते. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' किंवा 'रीजन रॅम ओव्हरफ्लोड' ही लिंकरची असते. एव्हीआरड्यूड हे प्रोग्राम उतरवणारे साधन 'नॉट इन सिंक' म्हणत असेल, तर संगणक आणि बोर्ड यांचे बोलणेच सुरू झालेले नाही, आणि अशा वेळी सी फाइलमध्ये कितीही फेरफार केले तरी काही उपयोग होत नाही. पोर्ट बरोबर निवडले आहे का, बोर्डावरील सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर बसला आहे का आणि सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली यूएसबी केबल नुसती चार्जिंगची तर नाही ना, हे तपासावे. उबुंटूसारख्या लिनक्सवर वापरकर्ता 'डायलआउट' गटात नसेल, तर पोर्ट दिसूनही उघडत नाही.

फोल्डरच्या नावांचा उपद्रव वेगळाच आहे. विंडोजवरील खात्याला स्वतःचे नाव आणि आडनाव मध्ये जागा सोडून दिले असेल, किंवा हौसेने फोल्डरला देवनागरी नाव दिले असेल, तर अनेक टूलचेन (कंपायलर-लिंकरचे संच) असंबद्ध वाटणाऱ्या चुका दाखवून थांबतात. मराठीचा अभिमान कितीही असला तरी प्रकल्प सी ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या रोमन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावा.

सर्वाधिक मनस्ताप मात्र तिथे होतो, जिथे आयडीई कोणतीही चूक दाखवत नाही. एटीमेगा३२८पी ही नवी कोरी चिप कारखान्यातून येते तेव्हा तिचे फ्यूज बिट (घड्याळासारख्या मूळ मांडणीची निवड जपणारे बिट) असे बसवलेले असतात की आतील ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ८ ने भागून ती १ मेगाहर्ट्झवर चालते. अर्डुइनो उनोवर १६ मेगाहर्ट्झचे घड्याळ असते, त्यामुळे तिथला प्रोग्राम १६ मेगाहर्ट्झ गृहीत धरून कंपाइल केलेला असतो. तोच प्रोग्राम कोऱ्या चिपमध्ये टाकला तर १ सेकंदाचा विलंब १६ सेकंदांचा होतो, ९६०० बॉडचे सिरियल ६०० वर घसरते आणि पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात. कंपायलरला सांगितलेली वारंवारता म्हणजे केवळ गणितासाठी दिलेला आकडा असतो; चिप त्या वेगाने धावेलच याची हमी तो देत नाही. फ्यूज बदलताना मात्र सावध असावे: स्फटिक न जोडता बाह्य स्फटिकाचा पर्याय लिहिला, तर चिप पुढे प्रोग्रामरलाही उत्तर देत नाही, आणि स्फटिक जोडून किंवा तिच्या घड्याळाच्या पायावर बाहेरून स्पंद पुरवून तिला परत आणावे लागते.

एसटीएम३२एफ१०३ या चिपवर याच जातीचा दुसरा सापळा आहे. क्यूबएमएक्स या एसटी कंपनीच्या कोड तयार करणाऱ्या साधनात 'सिस' विभागातील डीबगचा पर्याय 'सिरियल वायर' असा निवडला नाही, तर तयार होणारा कोड पीए१३ आणि पीए१४ हे पाय डीबगरच्या हातून काढून घेतो. पहिल्यांदा प्रोग्राम व्यवस्थित उतरतो, दुसऱ्यांदा एसटी-लिंक या प्रोग्रामर-डीबगरला चिप सापडत नाही आणि नवशिका दुकानदाराला दोष देत नवा बोर्ड आणायला निघतो. बोर्ड ठणठणीत असतो. रीसेटची तार जोडून 'कनेक्ट अंडर रीसेट' वापरले, किंवा 'बूट शून्य'चा जंपर १ च्या बाजूला सरकवून रीसेट दिला, की चिप पुन्हा सापडते. दुकानदारावर संशय घ्यायला जागा असते ती वेगळ्या प्रसंगी: याच चिपच्या स्वस्त 'ब्ल्यू पिल' बोर्डांवर कित्येकदा नक्कल केलेली चिप असते आणि अपेक्षित ओळखक्रमांक मिळाला नाही असे सांगून ओपनओसीडी हे डीबगिंगचे सॉफ्टवेअर थांबते.

फुकट आवृत्त्यांच्या मर्यादा प्रकल्प सुरू करण्याआधीच वाचाव्यात. ८०५१ साठीच्या कायलच्या सी५१ या कंपायलरची मूल्यमापन आवृत्ती २ किलोबाइट कोडवर थांबते, तर एआरएम गाभ्याच्या चिपसाठीच्या एमडीके-लाइटची सीमा ३२ किलोबाइट आहे. महाविद्यालयातील प्रयोगांना हे पुरते, पण मोटरपंपाच्या नियंत्रकात डिस्प्ले आणि मोडबस (यंत्रांमधील संदेशवहनाची पद्धत) आले की पुरत नाही. एसटीएम३२क्यूबआयडीईमध्ये अशी सीमा नाही, परंतु जागा वाचवणारी लहान लायब्ररी तिथे मुळातच निवडलेली असते, त्यामुळे प्रिंटएफने दशांश तापमान छापायला गेल्यास आकड्याच्या जागी काहीच उमटत नाही. त्यासाठीचा लिंकरचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड आटोपशीर करणे) चढवले की डीबगरचा बाण ओळींवरून वाटेल तसा उड्या मारतो, ते मात्र बिघाडाचे लक्षण नव्हे. त्याच वेळी इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) बदलणारा चल 'व्होलाटाइल', म्हणजे केव्हाही बदलू शकणारा, असा घोषित नसेल, तर मुख्य लूप त्याचे जुनेच मूल्य धरून बसू शकतो, आणि तो दोष मात्र प्रोग्रामचा, आयडीईचा नाही.

नोकरीत सर्वांत महाग पडतात त्या आवृत्त्या. एका उत्पादनातील किरकोळ दुरुस्तीसाठी आम्ही काही वर्षांपूर्वीचा प्रकल्प उघडला, तेव्हा त्या चिप-उत्पादकाच्या नव्या आयडीईने त्याचे रूपांतर करण्याचा आग्रह धरला, आणि रूपांतरानंतर तयार झालेली हेक्स फाइल (चिपमध्ये उतरवायचा तयार प्रोग्राम) आकाराने निराळी निघाली. ग्राहकाच्या शेतात बसलेल्या यंत्रात अशी फाइल कोण टाकणार? शेवटी एका निवृत्त संगणकावर जुनी आवृत्ती सापडली म्हणून निभावले. तेव्हापासून प्रकल्पाबरोबर कंपायलरची आवृत्ती लिहून ठेवणे, इन्स्टॉलर जपणे आणि शक्य तिथे सर्व काही व्हर्च्युअल मशीनमध्ये गोठवून ठेवणे हा आमच्याकडे नियम आहे. चालू प्रकल्पाच्या मध्यावर आयडीई अद्ययावत करायला आमच्याकडे परवानगी नाही. क्यूबएमएक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे: आपला कोड 'यूझर कोड बिगिन' आणि 'यूझर कोड एंड' या खुणांच्या आतच लिहावा, कारण एखादा पाय बदलून कोड पुन्हा तयार केला की खुणांबाहेरचे सगळे पुसले जाते. कोड तयार करण्यापूर्वी गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनात नोंद केलेली असेल, तर काय गेले ते निदान पाहता येते.

मुलाखतीला येणाऱ्याला मी आयडीई बाजूला ठेवून टर्मिनलवर एक लहान प्रोग्राम कंपाइल करायला, मॅप फाइलमध्ये (लिंकरने काय कुठे ठेवले त्याच्या यादीत) रॅमचा वापर शोधायला आणि हेक्स फाइल चिपमध्ये उतरवायला सांगतो. मेकफाइल (प्रोग्राम कसा बांधायचा याच्या आज्ञांची फाइल) स्वतः लिहिता यावी असा हट्ट नसतो. एव्हीआर-जीसीसी हा कंपायलर आणि एव्हीआरड्यूड यांच्या दोन आज्ञा समजून चालवल्या तरी पुरते. ज्यांनी हे घरी एकदा करून पाहिलेले असते, ते कामावर आल्यावर कोणत्याही कंपनीच्या आयडीईशी फार काळ अडखळत नाहीत.