शेतकरी कंपनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप तुमच्या गळ्यात पडला असेल तर

कृषी पदवी, बीकॉम नाहीतर एमएसडब्ल्यू करून तालुक्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपनीत लागलात, की एक काम न मागता अंगावर येतं. "तुले मोबाइलचं समजते, ग्रुप तूच पाहत जा." नेमणूकपत्रात ते कुठंच नसतं. यवतमाळ जिल्ह्यात अशा कंपनीत काही हंगाम काढल्यावर माझं मत झालंय, की सभासदांचा भरवसा बसतो किंवा उडतो तो याच बिनपगारी कामात.

सुरुवातीला सगळे एकच करतात. अध्यक्षांच्या हातून नारळ, शेतीशाळेचे फोटो, दिवाळीच्या शुभेच्छा, आणि खाली अंगठ्यांची रांग. चालू द्या, त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पण ग्रुप खरा सुरू होतो तो पहिल्या अवघड प्रश्नाला: "भाऊ, पट्टीत वजन कमी कावून दिसून राह्यलं?" (पट्टी म्हणजे मालाचं वजन आणि भाव लिहिलेली पावती.) यावर संचालक सांगतील, "त्याला फोन कर, ग्रुपवर वाढवू नको." फोन जरूर करा, पण उत्तर प्रश्न पडला तिथंच लिहा. विचारणारा एकटा असतो; आपापली पट्टी काढून गुपचूप ताडून पाहणारे घरोघरी असतात. फोनवर एकाचं समाधान होतं आणि बाकीच्यांना वाटतं, काहीतरी मिटवलं.

त्याहून बरं म्हणजे प्रश्न येण्याआधीच आकडा टाकणं. कापसाचंच घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पण तो ८ टक्के ओलाव्याला. हमीभावानं खरेदी करणारी सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, १२ टक्क्यांपर्यंतचा माल घेते, मात्र आठच्या वर दर टक्क्याला एक टक्का भाव कापते. म्हणजे ओलाव्याच्या मीटरवर १० आले, की क्विंटलमागे सुमारे १६२ रुपये गेले. हा हिशेब गाडी भरायच्या आधी ग्रुपवर दिसला, तर माणूस कापसाला दोन दिवस ऊन दाखवून आणतो. जिनिंग कारखान्याच्या फाटकावर कळला, तर माल तपासणाऱ्या ग्रेडरशी जुंपते आणि संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ तालुकाभर फिरतो.

तसा व्हिडिओ आलाच तर डिलीट करायला लावू नका. तुमच्या ग्रुपवरून गेला तरी शेजारच्या गावात तो दुप्पट चवीनं पाहतात. त्या शेतकऱ्याला विचारून मीटरच्या आकड्याचा फोटो आणि कपातीचा हिशेब त्याच्याच खाली टाका. आपला काटा चुकला असेल तर तसं लिहा आणि फरक कधी जमा होणार ती तारीखही द्या.

अर्धवट बातमी हाताळणं याहून कठीण. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं सोयाबीन खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली. अशा बातम्या खरेदी केंद्राला पत्र मिळायच्या आधी मोबाइलवर फिरतात आणि लोक गाड्या भरायला लागतात. अशा दिवशी गप्प राहणं सर्वांत महागात पडतं. "बातमी आली आहे, आपल्या केंद्राला अजून पत्र नाही, मिळालं की इथं टाकतो, तोवर गाडी भरू नका" एवढं लिहायला दोन मिनिटं पुरतात.

हळूहळू गावच्या ग्रामपंचायतीचा ग्रुपही तुमच्याकडेच येईल. तिथं कायदा तुमच्या बाजूनं आहे. माहिती अधिकार कायदा २००५ मधला आहे. त्याचं कलम ४ सांगतं, की कार्यालयानं माहिती आपणहून जाहीर करावी, लोकांना अर्ज करायची वेळच कमी यावी. पंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो, पण ते उघडून पाहणारा गावात एखादाच. त्यातलं एका कामाचं पान घ्या, मंजूर किती आणि खर्च किती ते सांगा, सोबत वऱ्हाडीत व्हॉइस नोट जोडा. म्हातारी माणसं वाचत नाहीत, ऐकतात. बायकांच्या बाबतीत तर फोन बहुतेक घरात नवऱ्याच्या खिशात असतो; म्हणून तीच नोट बचत गटाच्या ताईंकडे वेगळी पाठवा. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, सुरुवातीला कुरकुरतील. एकेकाकडे दोन-तीन गावं असतात आणि रात्री अकराला नालीचा फोटो येतो, त्यांचंही खरंच आहे. उत्तराची वेळ ठरवून ग्रुपच्या माहितीत लिहून टाका.

एक गोष्ट मात्र गावाला पुनःपुन्हा सांगावी लागते. ग्रुपवरचा मेसेज म्हणजे अर्ज नाही. "दाखला मिळाला नाही" असं रोज लिहिलं तरी मुदत मोजली जात नाही. रीतसर अर्ज करून पोच घेतली, तरच लोकसेवा हक्क कायदा, २०१५ प्रमाणे ठरलेली मुदत लागू होते आणि ती टळली तर अपील करता येतं. ठरावाचंही तसंच. प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, नाही ते झालंच नाही.

चर्चा कुठं करायची आणि निर्णय कुठं घ्यायचा, याची सगळ्यात चांगली वाटणी मला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात सापडते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरण्या-सांभाळण्याचा हक्क, मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथं अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात विषय खोदायचा, बाहेरच्या जाणकारांनाही विचारायचं, पण ठरवायचं काहीच नाही; ठरवते ग्रामसभा, तीही सर्वसहमतीनं. आपल्या ग्रुपला अभ्यास गटाएवढंच काम द्यावं. ग्रुपवर हात वर करून मतदान घेणारे सरपंच मी पाहिलेत. मग ज्यांच्याकडे साधा फोन आहे ते मोजणीतूनच गळतात.

उघडेपणाच्या भरात पेमेंटची अख्खी यादी मात्र टाकू नका. खाते नंबर, आधार, कोणावर किती कर्ज, हे ज्याचं त्याला कळवावं. एकूण किती जणांचं पेमेंट झालं आणि किती अडकलं, हे सगळ्यांना.

आणि सिम कंपनीच्या नावावर घ्या, अॅडमिन दोघांना करा. नोकरी सोडणारा पोरगा स्वतःच्या नंबरासकट ग्रुपही घेऊन जातो, मग नवा माणूस ऐन खरेदीच्या तोंडावर सभासदांचे नंबर गोळा करत गावोगाव फिरतो.