जुन्या गाडीचे बुश बदलताय? मग हे बघा
साताऱ्यातनं यवतेश्वरचा घाट चढताना वळणावर गाडी जरा उशिरा वळल्यासारखी वाटते, खड्ड्यात खालून खट्ट वाजतं, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते, असं असेल तर शॉकॲब्सॉर्बरला शिव्या घालायच्या आधी लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबरी गोल तुकडे, बघा. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर आत शिरू नका, मग टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म हलवा, रबर फाटलेलं असेल किंवा आर्म नको तेवढा सरकत असेल तर बुश गेलेत.

आता नवा बुश रबरचा का पीयूचा (पॉलियुरेथेनचा)? पीयू कडक असतं, स्टिअरिंग टाइट लागतं पण धक्के जास्त येतात, आपल्या रस्त्यांना घरच्या गाडीला चांगलं रबरच बरं असं माझं मत. पीयू टाकलंच तर सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर चिमणीसारखं चींचीं करतं.

जुना बुश हातोड्यानं ठोकू नका, आर्म वाकतो, प्रेस मशीनवर दाबून काढून घ्या.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते हे, रबर बुशचा बोल्ट चाक लोंबकळत असताना फायनल टाइट करायचा नाही. रबर स्लीव्हला (बुशमधल्या लोखंडी नळीला) चिकटलेलं असतं, गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच टाइट करा. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करायचीच, नाहीतर टायर एका बाजूनं खातात.