पिल्लाचं चावणं सोडवताना या चुका टाळा

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की थोड्याच दिवसांत मला फोन येतो: "हे चावरं निघालं, काय करू?" हातापायांवर ओरखडे, पायजम्याला भोकं, मुलं सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू चावतं म्हणून ते रागीट ठरत नाही. त्याच्या तोंडात 28 दुधाचे दात असतात, सुईसारखे टोकदार. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, आणि नवी वस्तू तोंडात धरूनच पाहायची ही तर कुत्र्याची जातच. इथवर सगळं ठीक असतं. पुढे बिघडतं ते घरातल्या माणसांमुळे.

हात म्हणजे खेळणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त खटकते. एका घरात लॅब्राडॉरचं पिल्लू होतं. वडील रोज संध्याकाळी जमिनीवर बसून त्याच्याशी हातानं कुस्ती खेळायचे. पिल्लू मनगट धरायचं, वडील हात हलवून त्याला आणखी चेव आणायचे, वर "काय ताकद आहे बघा" म्हणून कौतुक. आजी खोलीतून बाहेर पडल्या की तेच पिल्लू त्यांच्या टाचेला लटकायचं, आणि तिथे मात्र त्याला ओरडा बसायचा. मला बोलावलं तोवर पिल्लू पाच महिन्यांचं झालं होतं आणि आजी खोलीचं दार लावून बसत होत्या. त्यांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू होत्या, साध्या ओरखड्याचं रक्तही लवकर थांबत नव्हतं. वडिलांचं म्हणणं एकच: "माझ्याशी तर नीट खेळतो."

वडिलांचं मनगट चालतं आणि आजींची टाच चालत नाही, हे पिल्लाला कोण समजावणार? त्याच्या लेखी कातडी ती कातडी.

कुस्ती मी त्याच दिवशी बंद करायला लावली. हातभर लांबीची दोरी आणली, म्हणजे तोंड आणि बोटं यांत अंतर राहील. दात कातडीला लागला की दोरी सोडायची, हात छातीशी घ्यायचे, उठून खोलीच्या दारात लावलेल्या छोट्या गेटपलीकडे जायचं. अर्धा मिनिट पुरे. मग परत येऊन दोरीच पुढे करायची. आजी गेटच्या आडून त्याच्या जेवणातले दाणे द्यायच्या, पण चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच. पहिल्या आठवड्यात चावणं उलट वाढलं. ते वाढतंच, इतके दिवस जे केलं की खेळ मिळायचा, ते पिल्लू आणखी जोरानं करून बघतं. बहुतेक घरं नेमकी इथे धीर सोडतात आणि "हा उपाय चालत नाही" म्हणून मोकळी होतात. या घरानं सोडला नाही. पक्के दात येईपर्यंत आजी दार उघडं ठेवून बसायला लागल्या होत्या.

नाकावर टपली, तोंड दाबणं, उताणं पाडणं

यावर माझं मत कडक आहे: करू नका. टपली मारली की पिल्लू तेवढ्यापुरतं थांबतं, म्हणून हा उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पिल्लू मात्र एवढंच शिकतं की तोंडाकडे येणारा हात वाईट असतो. मग दात तपासू देत नाही, कानात औषध घालू देत नाही. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं तर गुरगुरायचंच सोडतं आणि मोठेपणी इशारा न देता चावतं. उताणं पाडून "मालक कोण" हे दाखवायची पद्धत बंदिस्त लांडग्यांवरच्या जुन्या निरीक्षणांतून आली. पण जंगलातला कळप म्हणजे मालकीसाठी झगडणारी टोळी नव्हे, बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी 1999 मध्येच मांडलं. तरी व्हिडिओ बघून लोक अजून पिल्लं उताणी पाडतात.

झोप न देणं

संध्याकाळी पिल्लू घरभर धावत सुटतं, दिसेल त्याला चावतं, आणि लोक त्याला आणखी पळवतात, "दमेल म्हणजे झोपेल". अहो, ते दमलेलंच असतं. लहान पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. अशा वेळी मी शिकवायच्या भानगडीत पडत नाही. सू करवून आणते, पिंजऱ्यात चावायचं खेळणं देते, दिवा मंद करते.

बारीकसारीक, पण रोजचं

चावल्यावर किंचाळणं काही पिल्लांना थांबवतं, काहींना आणखी चेव आणतं. दोनदा करून बघा, चेव येत असेल तर सोडून द्या.

मुलं ओरडत पळाली की पिल्लू मागे लागणारच. मुलांना झाडासारखं स्तब्ध उभं राहायला शिकवा, आणि मोठं माणूस हजर नसताना दोघांना एकत्र सोडू नका.

कडू स्प्रे टेबलाच्या पायाला ठीक आहे, माणसांना फवारायचा नाही.

हिरड्यांसाठी ओलं करून गोठवलेलं फडकं समोर बसून द्या. शिजवलेली हाडं आणि शिंगं नकोत; हाडाचे तुकडे घशात अडकतात, दात तुटतात.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. किती जोरात चावलं की भावंडं खेळ थांबवतात, हे ते तिथेच शिकतं.

घरातल्या एकानं जरी "राहू दे, लहान आहे" म्हणत चावू दिलं, तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

हे मात्र खेळातलं नाही

अंग ताठ, नजर रोखलेली, भांड्याजवळ किंवा खेळण्याजवळ गेलं की गुरगुर: हे दिसलं तर दात येण्यावर ढकलू नका, पशुवैद्याला दाखवा. आणि कातडी फाटली, ओरखड्यातून थोडंसं जरी रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची पहिली लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांच्या सुमारास मिळते, म्हणजे चावण्याच्या ऐन काळात ते बहुधा बिनलशीचं असतं. "घरचंच आहे, लहान आहे" या भरवशावर जखम अंगावर काढू नका.