टोकियोत ऑनसाइट आहात? मग एक वीकेंड आपल्या देवांसाठी ठेवा

ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांमधून हल्ली बरेच जण जपानला ऑनसाइट जातात, आमच्या ठाण्याच्या सोसायटीतूनच दोघं गेलीत, आणि दोघांनीही निघायच्या आधी मला तेच विचारलं, ताई, शनिवार-रविवारी काय बघायचं? मी टोकियोत निशी-कासाईला राहायचे, तिथे भारतीय मंडळी भरपूर आहेत. सुरुवातीला मी एका दिवसात सहा-सात ठिकाणं करायचे आणि सोमवारी फोटो उघडल्याशिवाय काही आठवायचं नाही. मग आई-बाबा आले तेव्हा ठरवलं की फक्त आपले देव शोधायचे. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आपले खूप देव तिकडे पोचलेत. सरस्वती म्हणजे बेंझाइतेन, गणपती म्हणजे कांगीतेन, इंद्र म्हणजे ताइशाकुतेन. हे एकदा माहीत असलं की शहर वेगळंच दिसायला लागतं.

शनिवारी सकाळी लवकर उएनो. पार्कातल्या शिनोबाझु तळ्यात मधोमध बेंतेनदो आहे, सरस्वतीचं देऊळ. जपानी चित्रांत तिच्या हातात बहुतेक वीणेऐवजी बिवा नावाचं वाद्य असतं. जुनं देऊळ १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं, आत्ताचं १९५८ चं. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं तळं कमळांनी भरतं पण फुलं सकाळीच बघायची, दुपारपर्यंत मिटायला लागतात. शेजारच्या भागात बोटिंग चालतं, बाबांना लगेच ठाण्याची तलावपाळी आठवली.

तिथून गिन्झा लाइनने आसाकुसा, पाचेक मिनिटं. जपानची पहिली भुयारी मेट्रो १९२७ ला याच दोन स्टेशनांमध्ये सुरू झाली. मेट्रोचा २४ तासांचा पास घ्या, तो पहिल्यांदा वापरला की तिथून २४ तास मोजतात, म्हणजे शनिवारी दहाला सुरू केला तर रविवारी सकाळीही चालतो, पण जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाड्यांत नाही चालत, त्यासाठी सुइका, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड ठेवा. सेन्सोजीचं मोठं देऊळ बघा, लाल कंदील बघा, पण गर्दीत अडकून राहू नका.

कारण खरं ठिकाण तिथून दहा मिनिटांवर आहे, सुमिदा नदीजवळच्या छोट्या टेकडीवर, मात्सुचियामा शोदेन. हा आपला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत, ती गाभाऱ्यात बंदच असते, आणि इथे वाहायचा असतो पांढरा मुळा! देवळातच विकत मिळतो. भिंतीवर, पायऱ्यांवर सगळीकडे मुळ्याची आणि पैशाच्या बटव्याची चित्रं. आईने मुळा ठेवला, हात जोडले आणि हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हटलं, शेजारची जपानी आजी तिचं संपेपर्यंत थांबली आणि वाकून गेली. दोन वर्षांतलं मला सगळ्यात जास्त हेच आठवतं. एक लक्षात ठेवा, बौद्ध देवळात टाळी वाजवायची नाही, नुसते हात जोडायचे. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात मात्र दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग परत एकदा वाकायचं.

पायात जोर उरला तर संध्याकाळच्या आत शिबामाताला जा, तिथे इंद्राचं देऊळ आहे, लाकडावरचं कोरीवकाम फार सुंदर.

रविवार एनोशिमा बेटासाठी. शिंजुकूहून ओदाक्यु कंपनीचा एनोशिमा-कामाकुरा फ्रीपास काढायचा, जाणं-येणं आणि एनोदेन ही छोटी गाडी दिवसभर त्यातच. सातच्या आसपास निघा, नंतर फार गर्दी. पूल चालत ओलांडायचा. इथली बेंझाइतेन जपानच्या तीन प्रसिद्ध सरस्वतींपैकी एक, आठ हातांची मूर्ती अष्टकोनी मंडपात आहे, त्याचं वेगळं तिकीट. पायऱ्या खूप आहेत, गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर पैसे देऊन सरकते जिने मिळतात, पण ते फक्त वर जायला, उतरताना चालावंच लागतं, हे आधी सांगून ठेवा.

खाण्याचं नीट बघा. शाकाहारी असाल तर सूप, सॉस, नूडल्स सगळ्यात माशाचा दाशी म्हणजे अर्क असू शकतो, भाजी दिसली म्हणून शाकाहारी नसतं. आम्ही दशम्या आणि चटणी घरूनच न्यायचो. समुद्रावर उघड्यावर डबा काढू नका, घारी मागून येऊन हातातला घास उचलतात, पाट्या लावल्यात तशा. कचराकुंड्या जवळजवळ नाहीतच, एक पिशवी बरोबर असू द्या.

मग एनोदेनने कामाकुरातलं हासे स्टेशन, चालत दाइबुत्सु. ब्राँझचा अमिताभ बुद्ध, ११ मीटरहून उंच, काम १२५२ ला सुरू झालं. आधी त्याच्यावर देऊळ होतं, ते नंतर राहिलं नाही, आता पाचशेहून जास्त वर्षं तो उन्हापावसात बसलाय. आतून पोकळ आहे, थोडे पैसे देऊन आत शिरता येतं, नक्की शिरा, ओतकामाचे जोड आतून दिसतात.

परत येताना कामाकुराहून टोकियोची थेट जेआर दिसेल, त्यात हा पास चालत नाही. एनोदेननेच फुजिसावाला या आणि डावीकडची खिडकी पकडा, समुद्र त्या बाजूला असतो.