पोर्टफोलिओ आधी फरशीवर मांडा
पोर्टफोलिओसाठी, म्हणजे आपल्या निवडक फोटोंच्या संचासाठी, वर्षभरातले आवडते चाळीस फोटो निवडा, ४ × ६ इंचांच्या साध्या प्रिंट काढा आणि घरातल्या फरशीवर पसरा. मोबाइलवर एकेकटा फोटो छानच दिसतो, पण शेजारी शेजारी ठेवले की आपल्या सवयी उघड्या पडतात. वारीचे बारा फोटो आणि बाराही उभ्याने, लांबून, झूम करून टिपलेले? मग पुढच्या आषाढात रुंद दृश्य टिपणारी ३५ मिमी लेन्स लावा, गुडघ्यावर बसा, वारकऱ्यांशी बोलून जवळ जा. एकसारख्या दोन फोटोंतला एक बाजूला काढाच. त्या फोटोसाठी तुम्ही पहाटे तीनला उठला होतात, हे बघणाऱ्याला दिसत नाही (मला हे सर्वांत जड गेलं). वीस उरले की थांबा. दर तीन महिन्यांनी नवा फोटो आत आला, तर जुना एक बाहेर. बाहेर काढलेल्या प्रिंटमागे तारीख आणि कारण लिहून ठेवा.